कोरा दाखला कोणी कोरा ठेवला?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या क्रीडा मंडळांची बैठक झाली. विषय एकच: लहान मुलांना खेळ शिकवणाऱ्या प्रत्येकाकडून पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला घ्यायचा का? दोन तास चर्चा झाली आणि दोनच वाक्यं आलटून पालटून ऐकू आली. एक बाजू म्हणत होती, "दाखला सक्तीचा करा, विषय संपला." दुसरी म्हणत होती, "३० वर्षं एक पैसा न घेता मैदानावर उभा आहे. आता मी वाईट माणूस नाही हे ठाण्यातून लिहून आणू?" मी खो-खो खेळत मोठी झाले आणि पुढे १७ वर्षं मुलींचे संघ घेऊन गावोगाव फिरले. ही दोन्ही वाक्यं बोलणाऱ्यांना मी जवळून ओळखते, दोघांचीही कळकळ खरी आहे. तरीही घरी परतताना वाटत राहिलं की मूळ प्रश्नाला कोणी हातच लावला नाही. दाखला हवाच, पगारी प्रशिक्षकाचा हवा आणि फुकट येणाऱ्याचाही हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण दाखल्यात तेवढंच उमटतं जेवढं कोणीतरी, कधीतरी लिहून ठेवलेलं असतं. आणि आपल्याकडे मैदानावर असं काही घडलं की ते कुठेही लिहिलं जाऊ नये म्हणून संस्था, पदाधिकारी, कधी कधी पालकसुद्धा जिवाचं रान करतात. माणूस जातो, पाटी कोरी राहते, आणि काही महिन्यांत तो दुसऱ्या मंडळाच्या दारात उभा असतो. म्हणून दाखल्याच्या जोडीला आणखी एक सक्ती हवी: आधीच्या संस्थेने पुढच्या संस्थेला खरं सांगण्याची.

'दाखला घ्यायचा का' हा प्रश्न खरं तर २०२० सालीच निकालात निघाला आहे. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२चा. त्याचे नवे नियम मार्च २०२० मध्ये आले आणि त्यांत शाळा, पाळणाघरं यांच्या रांगेत क्रीडा अकादमींचं नाव स्पष्ट घेतलं आहे. मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थेने आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची, तो शिकवणारा असो वा नसो, कायम असो वा कंत्राटी, पोलीस पडताळणी आणि पूर्वेतिहासाची तपासणी करायची आहे. तीही एकदाच करून मोकळं व्हायचं नाही, ठरावीक काळाने पुन्हा करायची आहे. बैठकीला चाळीसेक माणसं होती. हा नियम कोणाला ठाऊक आहे असं मी विचारलं तेव्हा तीन हात वर झाले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्या मुलींवरच्या अत्याचाराचा गुन्हा एका कंत्राटी सफाई कामगारावर दाखल झाला, लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, आणि सरकारने शाळांसाठी तातडीने आदेश काढला: सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षिततेसाठी शाळेत नेमायची सखी सावित्री समिती. शाळेला निदान मुख्याध्यापक असतो, वर शिक्षणाधिकारी असतो, कोणीतरी जाब विचारू शकतं. संध्याकाळी पाचला त्याच शाळेच्या मैदानावर भरणाऱ्या वर्गाला कोण विचारतं? २०२५च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात महिला आणि अल्पवयीन खेळाडूंसाठी सुरक्षित क्रीडा धोरणाची तरतूद आहे. ते राष्ट्रीय संघटनांकडून राज्य, जिल्हा, तालुका करत आमच्या मंडळापर्यंत कधी झिरपायचं?

नियमातही एक मोठी फट आहे. त्यात शब्द आहे 'कर्मचारी'. आपला मैदानी खेळ कर्मचाऱ्यांवर चालतो का? खो-खो, कबड्डी, मल्लखांब, तालीम, सगळं उभं आहे ते माजी खेळाडूंवर, हौशी पालकांवर, सुट्टी टाकून संघाबरोबर जाणाऱ्या व्यवस्थापकावर, शिबिरात भात-आमटी रांधणाऱ्या काकांवर. यांतल्या एकाचंही नाव पगारपत्रकावर नसतं. आता जिल्ह्याबाहेरच्या स्पर्धेतली एक रात्र डोळ्यांसमोर आणा. मुक्काम शाळेच्या वर्गात. बाकं भिंतीला सरकवलेली, खाली सतरंज्या, त्यावर १२ मुली. दाराला आतून कडी नाही, म्हणून दाराशी बॅगा रचलेल्या. न्हाणीघर मैदानाच्या पलीकडच्या टोकाला, मधे दिवा नाही. रात्री साडेअकराला एक मुलगी पायात गोळे आले म्हणून रडत उठते. तिचा पाय चोळून द्यायला कोण येतं? तिला न्हाणीघरापर्यंत कोण नेतं? जो कोणी येईल त्याला मंडळ मानधन देतं की नाही, याने त्या क्षणी तिच्या सुरक्षिततेत कोणता फरक पडतो? उलट फुकट काम करणाऱ्याला कोणी हटकत नाही. त्याच्या उपकाराखाली सगळेच दबलेले असतात. तालमीत तर पोरं वर्षानुवर्षं मुक्कामी राहतात. पॉक्सो मुलग्यांनाही तितकाच लागू आहे, पण वस्तादाबद्दल काही सांगायचं म्हटलं तर मुलगा मुलीपेक्षाही जास्त काळ गप्प बसतो, असा माझा अनुभव आहे.

दाखल्याविरुद्धचा सगळ्यात जड मुद्दा मला मान्य आहे, आणि तो नीट मांडायला हवा. असं कृत्य करणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या नावावर आधीचा गुन्हा नसतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे (एनसीआरबी) आकडे दरवर्षी सांगतात की पॉक्सोखालच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो: नातलग, शेजारी, शिक्षक. ओळखीच्या माणसाविरुद्ध तक्रार होतच नाही, मग ठाण्यात नोंद कुठून येणार? लॅरी नासरचं उदाहरण घ्या. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा हा डॉक्टर. संघटनेचं काम स्वयंसेवक म्हणून करायचा, नोकरी मिशिगन स्टेट विद्यापीठात. जानेवारी २०१८ मध्ये दीडशेहून अधिक जणींनी न्यायालयात आपली कहाणी सांगितली आणि त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा झाली. २०१६ मध्ये अटक होण्याआधीच्या कोणत्याही वर्षी त्याची पोलीस पडताळणी केली असती तर दाखला कोराच आला असता. मग कशाला हवा हा खटाटोप?

पण नासरची गोष्ट इथेच थांबवली तर ती अर्धवट राहते. २०१५च्या उन्हाळ्यात जिम्नॅस्टिक्स संघटनेला त्याच्याविषयीच्या तक्रारी कळल्या. पाच आठवड्यांनी त्यांनी एफबीआयला कळवलं आणि नासरला गाजावाजा न करता निवृत्त होऊ दिलं. विद्यापीठाला कोणी काही सांगितलं नाही. तिथे तो पुढचं वर्षभर मुली तपासत राहिला, सप्टेंबर २०१६ मध्ये रेचल डेनहॉलंडर या माजी खेळाडूने वृत्तपत्राकडे जाऊन आपल्या नावानिशी बोलेपर्यंत. त्या वर्षभरातही अनेक मुली त्याच्या तावडीत सापडल्या. आता सांगा, इथे पडताळणी निरुपयोगी ठरली की दोन संस्थांमधलं दार मुद्दाम बंद ठेवलं गेलं? दाखल्याच्या विरोधकांनी हे उदाहरण द्यावं आणि आपण मान डोलवावी, असं मला वाटत नाही. कोरा दाखला हा निसर्गाचा नियम नाही. तो माणसांनी कोरा ठेवलेला असतो.

इंग्लंडमधल्या सोहम गावचं प्रकरण तर शब्दशः असंच आहे. ऑगस्ट २००२ मध्ये दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी इयन हंटली तिथल्याच एका माध्यमिक शाळेत केअरटेकर होता. नोकरी लागण्यापूर्वीच्या काही वर्षांत दुसऱ्या जिल्ह्याच्या पोलिसांकडे त्याच्याविरुद्ध लैंगिक स्वरूपाच्या अनेक तक्रारी आल्या होत्या. शिक्षा एकाही प्रकरणात झाली नव्हती, माहिती जपून ठेवली नव्हती, आणि पडताळणी करणाऱ्यांनी त्याने वापरलेल्या एकाच आडनावाने शोध घेतला. कागद स्वच्छ आला. २००४च्या बिचर्ड चौकशीतून हे सगळं बाहेर आलं, आणि आज तिथे मुलांसोबत काम करणाऱ्यांची जी तपासणी होते तिची रचना त्यातून घडली. स्वयंसेवकांकडून तिथे सरकार या तपासणीचं शुल्क घेत नाही. आपल्याकडच्या दाखल्याचं काय? माणूस आज राहतो त्या पत्त्यावरचं ठाणं प्रामुख्याने आपली दप्तरं बघतं. सोलापुरात शिकवून ठाणे शहरात आलेल्या माणसाबद्दल सोलापूरच्या कोणत्या मंडळात काय कुजबूज होती, हे ठाणे शहरातल्या पोलिसांना कुठून कळणार? ते फक्त सोलापूरच्या मंडळाचा सचिव सांगू शकतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने एक प्रशिक्षक घेतला. त्याच्याकडे आधीच्या संस्थेचं शिफारसपत्र होतं: 'अत्यंत मेहनती, शिस्तप्रिय, पुढील वाटचालीस शुभेच्छा.' सहा-सात महिन्यांनी आमची एक १३ वर्षांची मुलगी सरावाला येईनाशी झाली. मी तिच्या घरी गेले. आई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती, थापता थापताच म्हणाली, "ताई, सर रात्री फोनवर फोटो मागतात तिच्याकडे." आम्ही त्याच दिवशी त्याला थांबवलं आणि पालकांना घेऊन पोलिसांत गेलो. त्यानंतर मी आधीच्या संस्थेत फोन केला. पलीकडचे गृहस्थ थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आमच्याकडेही थोडं तसंच झालं होतं. पण मुलीच्या वडिलांनीच हात जोडले, पोरीचं नाव नको म्हणाले. मग आम्ही मिटवलं." शिफारसपत्रावर सही त्यांचीच होती. मी तो फोन सहा महिने आधी करायला हवा होता, ही बोच माझ्या मनातून आजही जात नाही. केला असता तर त्यांनी खरं सांगितलं असतं का, याची खात्री मात्र नाही, आणि माझा सगळा आग्रह नेमका त्यासाठी आहे. पॉक्सोच्या १९व्या कलमाखाली असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे. हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने दडवला तर २१व्या कलमाखाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. म्हणजे 'मिटवलं' हा शब्द उच्चारणारा माणूस बहुतेकदा स्वतःच्या गुन्ह्याची कबुली देत असतो. त्याला मात्र वाटत असतं की आपण एका मुलीची अब्रू वाचवली.

आता ज्येष्ठ स्वयंसेवकांच्या अपमानाचा मुद्दा. ज्याने आपली तारुण्याची वर्षं लाल मातीत घातली त्याच्याकडे कागद मागताना जीभ जड होते, हे मीही अनुभवलं आहे. पण आपल्या मंडळाचा खजिनदार दरवर्षी हिशेब तपासून घेतो, तो धर्मादाय आयुक्तांकडे जातो, वार्षिक सभेत वाचला जातो. कधी कुठल्या खजिनदाराने म्हटलंय का की लेखापरीक्षण म्हणजे माझ्यावर चोरीचा आळ? तपासणी त्या पदाची असते. उद्या त्या खुर्चीत कोण बसेल हे आज कोणालाच माहीत नसतं. रिक्षाच्या बॅजसाठी पोलीस पडताळणी होते, पासपोर्टसाठी होते. वर्गणीच्या पैशाला जी काळजी लागते ती मुलांना नको, असं एकही ज्येष्ठ सर सरळ म्हणणार नाहीत. ज्येष्ठांनीच पहिला अर्ज भरला तर पुढच्या तरुणाला नाही म्हणायला तोंड राहत नाही, आणि हा मान त्यांच्याशिवाय दुसरं कोणी घेऊ शकत नाही.

तिसरा आक्षेप बैठकीत कोणी घेतला नाही, आणि मला तो सगळ्यात जास्त छळतो. आपल्या देशात पोलिसांची नोंद आणि गुन्हा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. १८७१च्या कायद्याने इंग्रजांनी अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला, पण आजही एखाद्या वस्तीत चोरी झाली की पारधी तरुणांना आधी उचलतात. मोर्चात पकडलेल्या, संपात गुन्हा दाखल झालेल्या कार्यकर्त्यांची नावंही त्याच दप्तरात असतात. सरसकट 'स्वच्छ दाखला' मागितला तर पहिला बाहेर पडेल तो पारधी मुलांना कुस्ती शिकवणारा पारधी पैलवान, आणि आत येईल तो वरच्या वर्तुळातला, तक्रार दाबण्याची ताकद असलेला माणूस. कोल्हापूरच्या शाहू महाराजांची आठवण इथे येतेच. खासबागेचं कुस्ती मैदान त्यांनी उभारलं, आणि १९१८ साली आपल्या संस्थानात या जमातींना गुन्हेगार म्हणून रोज द्यावी लागणारी हजेरीही त्यांनीच बंद केली. कुस्तीवर जीव टाकणाऱ्या राजाला मैदान आणि माणुसकी यांत निवड करावी लागली नाही, मग आपल्याला का लागावी? उपाय कठीण नाही. पोलिसांना विचारायचा प्रश्न अरुंद ठेवा: या व्यक्तीवर मुलांवरील अत्याचाराचा, लैंगिक किंवा गंभीर हिंसेचा आरोप सिद्ध झाला आहे का, वा खटला चालू आहे का? बाकी काही विचारू नका, सांगूही नका. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद २०१८ पासून आहे, पण ती फक्त तपास यंत्रणांना दिसते. ती सर्वांसाठी खुली करावी असं मी म्हणणार नाही, त्यातून झुंडी तयार होतील. संस्थेने नाव आणि ओळखपत्र द्यावं, पोलिसांनी हो किंवा नाही एवढंच कळवावं, आणि तेही फुकट. इंग्लंडनेही सोहमनंतर आधी अति केलं. सुमारे एक कोटी प्रौढांना नोंदणीत ओढणारी योजना आखली, लोक चिडले, आणि २०१२च्या कायद्याने ती आवरती घ्यावी लागली. त्यांनी तपासणीच रद्द केली नाही, तिची व्याप्ती ठरवली. आपण तिथून सुरुवात करू शकतो.

आणि पोलिसांवरच सगळं सोपवू नका असं मी म्हणते, त्याला आपल्याच देशातलं कारण आहे. १२ ऑगस्ट १९९० रोजी पंचकुला इथे १४ वर्षांच्या रुचिका गिरहोत्रा या टेनिस शिकणाऱ्या मुलीचा विनयभंग झाला. करणारा शंभू प्रताप सिंह राठोड हरियाणा लॉन टेनिस संघटनेचा अध्यक्ष होता आणि पोलीस महानिरीक्षकही. तिला शाळेतून काढलं गेलं, तिच्या भावावर गाड्या चोरल्याचे गुन्हे लावले गेले, १९९३ मध्ये तिने जीव दिला. राठोड पुढे राज्याचा पोलीस महासंचालक झाला. न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं डिसेंबर २००९ मध्ये, १९ वर्षांनी. त्याचा चारित्र्य पडताळणी दाखला कोणत्या ठाण्याने अडवला असता? तिच्या बाजूने शेवटपर्यंत कोण उभं राहिलं तर तिची मैत्रीण आणि त्या मैत्रिणीचे आईवडील. त्यांच्याकडे राठोडसारखी सत्ता नव्हती. त्यांनी पाहिलेलं आणि ऐकलेलं लिहून काढलं आणि ते मागे घ्यायला नकार दिला.

खोट्या तक्रारीने एखाद्याचं आयुष्य उद्ध्वस्त होईल, ही भीती मला पोकळ वाटत नाही. म्हणूनच लेखी पद्धत हवी. आज काय होतं? कुजबूज होते, सर अचानक दिसेनासे होतात, खरं काय ते कोणालाच कळत नाही आणि निर्दोष माणसावरचा डागही कधी पुसला जात नाही. तारीख, तक्रार, कोणी चौकशी केली, काय निष्पन्न झालं, एवढं कागदावर असेल तर निर्दोष प्रशिक्षकाला तोच कागद आधार आहे. एकट्या मुलासोबत बंद खोलीत न थांबणं, दौऱ्यावर किमान दोन मोठी माणसं आणि मुलींच्या संघाबरोबर बाई असणं, मुलांना खासगी संदेश न पाठवता पालक असलेल्या ग्रुपवरच बोलणं, हे नियम प्रशिक्षकालाही तितकंच जपतात.

प्रशिक्षकाच्या हातातली सत्ता बाहेरच्यांना दिसत नाही. आपल्या राज्यात शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत. संघात निवड, स्पर्धेचं प्रमाणपत्र, शिबिराचं नाव, या सगळ्याची वाट एकाच माणसाच्या होकारातून जाते. रोजंदारीवर जाणाऱ्या बापाची मुलगी राज्य स्पर्धेपर्यंत पोचलेली असते तेव्हा त्या घराची पुढची २० वर्षं त्या माणसाच्या शिट्टीवर टांगलेली असतात. ती मुलगी बोलेल कशी? २०१० ते २०२० या काळात भारतीय क्रीडा प्राधिकरणाकडे लैंगिक छळाच्या ४५ तक्रारी आल्या, त्यांतल्या २९ प्रशिक्षकांविरुद्ध होत्या, हे माहिती अधिकारातून बाहेर आलं. देशभर पसरलेल्या एवढ्या मोठ्या संस्थेत दहा वर्षांत ४५. हा आकडा लहान आहे म्हणून समाधान मानणाऱ्यांनी एकदा मुलींच्या संघाबरोबर रात्रीच्या पॅसेंजरने प्रवास करावा आणि त्या काय बोलतात, कोणाचं नाव निघालं की काय बोलायचं थांबतात, ते ऐकावं.

आमच्या मंडळाने या जूनपासून एक पानी अर्ज केला आहे. मानधन घेणारा, न घेणारा, संघाबरोबर जाणारा, स्वयंपाक करणारा, सगळ्यांना तोच. त्यात दाखल्याची जागा आहे. त्याखाली प्रश्न आहे: याआधी कोणत्या संस्थांत मुलांबरोबर काम केलंत, का सोडलंत, आणि तिथे आम्ही कोणाशी बोलावं? आम्ही त्या प्रत्येकाला फोन करतो आणि काय उत्तर आलं ते तारखेसह लिहितो. आमच्याकडून कोणी गेलं आणि विचारणा आली तर जे लिहिलंय ते वाचून दाखवायचं, त्यात भर घालायची नाही आणि काही गाळायचं नाही, असा ठराव आहे. पहिला अर्ज भरला तो आमच्या ७१ वर्षांच्या सरांनी, बैठकीत सगळ्यात जास्त चिडले होते त्यांनीच. 'का सोडलंत' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'सोडलं नाही.' आतापर्यंत २३ अर्ज आले. एक तरुण प्रशिक्षक अर्ज घेऊन गेला तो परत आला नाही. त्याच्याबद्दल आमच्याकडे एकही तक्रार नाही, आणि अर्ज न भरण्याची त्याची कारणं त्याला ठाऊक. वहीत त्याच्या नावापुढे एवढंच लिहिलं आहे: १४ जूनला अर्ज नेला, भरून दिला नाही. उद्या कुठल्या मंडळाचा फोन आला तर मी ही ओळ वाचून दाखवीन.